अनोळखी, बाद

आर्या आणि निशांत,

गेल्या वेळी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, अल्बम झाला का?" मी म्हटलं, गावाहून आले की सांगते. आता आले आहे. अल्बम झाला होता, मी तो बरोबर घेऊनच गेले होते. तिथे गेल्यावर कळलं की तो करताना माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती दुरुस्त करता येणारी नाही. हे फोनवर सांगायला मला जमणार नाही, म्हणून लिहिते आहे. तुम्ही मराठी सावकाश वाचता, तेव्हा वाक्यं लहान ठेवीन. एखादा शब्द अडला तर बाबाला विचारा.

निघण्याआधी

माझा धाकटा भाऊ मधुकर, म्हणजे तुमच्या बाबाचा मामा, बुलढाणा जिल्ह्यात जानेफळला राहतो. तेच माझं माहेर. मधुकरच्या लग्नाची एक व्हिडिओ कॅसेट होती. तुमच्या आजोबांनी ती दुसरी प्रत काढण्यासाठी पुण्याला आणली आणि मग ती आमच्या कपाटात राहिली, तीस वर्षांहून जास्त. गेल्या वर्षी पाहिलं तर तिला बुरशी लागली होती. एका दुकानदाराने ती साफ करून कॉम्प्युटरवर घेऊन दिली.

पुढचं काम तुमच्या बाबाने दिलेल्या सॉफ्टवेअरचं. हे सॉफ्टवेअर आधी स्वतः सगळी फिल्म बघतं. तिच्यातल्या प्रत्येक माणसाभोवती आणि वस्तूभोवती एक रंगीत रेघ काढतं, त्याला क्रमांक देतं आणि ते फिल्ममध्ये कुठे आलं, कुठे गेलं याची नोंद ठेवतं. मग आपण फक्त नाव घालायचं, फोटो जोडायचा, आवाज जोडायचा. एवढं झालं की फिल्म चालू असताना कुणावरही बोट ठेवा, फिल्म थांबते आणि त्या माणसाची माहिती उघडते. मी आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी केल्या. हे काम मला मिळालं तेव्हा मी वीस वर्षांनी लहान झाले असं तुमचा बाबा म्हणाला.

सुरुवातीला गमतीही झाल्या. आपल्या बौद्ध लग्नांत मोठी माणसं पांढरं नेसतात. वधूवर पांढऱ्यात, बायका पांढऱ्या साड्यांत. त्या सॉफ्टवेअरने असं लग्न बहुधा कधी पाहिलंच नसावं. त्याने नवरी, माझ्या दोन मावश्या आणि मी अशा चौघींची एकच बाई केली. ती एकाच वेळी वराच्या शेजारी उभी होती आणि स्वयंपाकाजवळ वांगी चिरत होती. खांद्यावरून नेलेल्या परातीला त्याने चाक म्हटलं. मी एकेक रेघ हाताने सोडवत बसले. वस्तू मात्र सगळ्या ठेवल्या. परात, घमेलं, पत्रावळ, जग, सूप यांची नावं तुम्हाला कळावीत म्हणून.

शेवटी उरले अनोळखी लोक. वाढणारे, मागे उभे राहून बघणारे, कॅमेऱ्यासमोरून नुसतेच गेलेले. त्यांची संख्या आपल्या माणसांपेक्षा जास्त होती. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे. ते दाबलं की तो माणूस निघून जातो आणि त्याच्या मागची जागा आपोआप भरली जाते. मांडवाचं कापड असेल तर कापड, भिंत असेल तर भिंत. मी वही केली. क्रमांक, वर्णन, शेरा. ज्याला नाव नाही त्याच्यापुढे "बाद" लिहिलं आणि बटण दाबलं. तीन दुपारी लागल्या. मांडव स्वच्छ दिसू लागला.

मग मी जुनी फिल्म पुसली. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या फळीवर ठेवू नयेत, वाचक गोंधळतो, असं मी शिकाऊ मुलींना नेहमी सांगायचे. दुकानदाराने कॅसेटचं काय करू विचारलं, तेव्हा टाकून द्या म्हटलं.

जानेफळ

मेहकरला सकाळी उतरले. मधुकर गाडी घेऊन आला होता. पौषातली थंडी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी, शेंगा भरलेल्या. मधुकर मध्येच गाडी थांबवून एका शेतात शिरला, मूठभर ओल्या शेंगा घेऊन आला. शेत कुणाचं होतं ते मी विचारलं. "इथी इचारत नाही कोणी," तो म्हणाला. तुमच्या मेलबर्नमध्ये शेजाऱ्याच्या झाडाचं लिंबू घ्यायचं तर आधी चिठ्ठी लिहावी लागते, ते मला आठवलं.

घरी शोभाने, म्हणजे मधुकरच्या बायकोने, त्या शेंगांचे दाणे काढून वांग्यात घातले. याला सोले म्हणतात. ज्वारीची भाकर, ठेचा, वर कच्चं तेल. मी एक भाकर खाऊन हात धुवायला उठले.

"बसा अक्का," शोभा म्हणाली. "पुण्यात काय खाता मंग? एवढुशी भाकर त चिमणीलेही पुरत नाही."

"वय झालं माझं."

"वय मले नाही झालं काय? मी दोन खाऊन राह्यली."

तुमच्याकडे पाहुण्याला काय घेणार ते विचारतात. इथे ताटातच वाढतात, आणि नको म्हणायचं तर तोंडात घास असतो.

त्यांची मुलगी पल्लवी गावातल्या शाळेत शिकवते. तिने माझा लॅपटॉप टीव्हीला जोडायचा प्रयत्न केला. मी पुण्याहून तीन वायरी घेऊन गेले होते, प्रत्येकीला चिठ्ठी लावून. तिन्ही चालल्या नाहीत. "आत्या, तुमच्या चिठ्ठ्या चांगल्या हायेत, वायरी नाही," ती म्हणाली आणि चौकातून चौथी घेऊन आली.

मधुकर पलंगावर पडल्या पडल्या म्हणाला, "अक्का, उद्या दुपारी लाव ते. कौसाबाई येऊन राह्यली उंद्रीहून."

कौसाबाई मला आठवत होत्या. आमच्या घराच्या मागच्या अंगाला राहायच्या. पुढे मुलाबरोबर उंद्रीला गेल्या. त्यांना लग्नाची फिल्म बघण्यात एवढा काय रस, मी विचारलं.

"तिची पोरगी हाय ना त्याच्यात. वंदी. लग्नाच्या दोन वर्षांनी तापानं गेली. फोटो नाही का काही नाही. मले किती डाव म्हणे, मधू, ते क्यासेट आन ना पुण्याहून, पोरगी पाहू दे एक डाव. मी म्हणो आणतो, आन इसरून जाओ."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तेच त सांगून राह्यलो. इसरून जाओ."

"फिल्ममध्ये कुठे आहे ती मुलगी? काय करते?"

"पाणी वाढत होती पंगतीत. तेरा-चौदा वर्षांची असन."

मी माझ्या पिशवीतली वही काढली नाही. काढायची गरज नव्हती. त्या वहीतल्या ओळी मी सुवाच्य अक्षरात लिहिल्या होत्या आणि त्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. क्रमांक त्रेचाळीस. मुलगी. पाणी वाढते. अनोळखी. बाद.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मनात म्हटलं, ती एखाद्या दुसऱ्या दृश्यात असेल, गर्दीत कुठेतरी राहिली असेल, माझ्या नजरेतून सुटली असेल. इतकी वर्षं माझ्या नजरेतून काही सुटत नाही याचा मला अभिमान होता. त्या दिवशी मी उलट आशा करत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी

कौसाबाई बारा वाजताच्या एसटीने आल्या. पांढरी स्वच्छ साडी, केस तेल लावून चोपून बसवलेले. एखाद्या कार्याला यावं तशा आल्या होत्या. टीव्हीसमोर अगदी जवळ बसल्या. "मले दुरून दिसत नाही बाई," म्हणाल्या. त्यांच्यामागे शेजारच्या बायका आणि मुलं होती.

मी लॅपटॉपपाशी बसले. लॅपटॉपवर कुणावर बोट ठेवलं की माहिती कशी उघडते हे पल्लवीने दाखवलं. सगळे खूश झाले.

शोभा स्वतःला बघत म्हणाली, "मी एवढी बारीक होती काय वो अक्का?"

"होती म्हून त लगन केलं," मधुकर म्हणाला.

"आन तुमाले केस होते, म्हून म्याही केलं."

बायका हसल्या. कौसाबाई हसल्या नाहीत, त्या मागचे कोपरे बघत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मांडवात एवढेच लोक होते काय? मले त पाय ठेवाले जागा नव्हती आठवते."

मी डोळे लॅपटॉपवरून उचलले नाहीत.

मग पंगत आली. रांगेने बसलेले आमचे लोक जेवत होते. वाढपी कुणीच नव्हता, त्यांना मी काढलं होतं. आणि रांगेच्या डाव्या टोकाकडून एक स्टीलचा जग हवेतून चालत आला. पहिल्या माणसापाशी वाकला, पेला भरला, सरळ झाला, पुढे सरकला. पुन्हा वाकला. माणसं वर न बघता पेला पुढे करत होती.

मी हे पुण्यात पाहिलं होतं. वस्तू ठेवायच्या आणि माणूस काढायचा असं सांगितल्यावर सॉफ्टवेअरने जग ठेवला होता. तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं. दुरुस्तीच्या यादीत लिहून ठेवलं होतं.

मुलं "भूत, भूत" म्हणत टाळ्या पिटू लागली. कौसाबाई उठून टीव्हीपाशी गेल्या.

"थांबव वो पोरी."

पल्लवीने फिल्म थांबवली. जगाच्या मुठीवर चार बोटं होती. ती जगाचाच भाग आहेत असं सॉफ्टवेअरने धरलं असावं. मनगटापासून पुढे मांडवाचं कापड.

"हे बोटं वंदीचे हायेत," कौसाबाई म्हणाल्या. "हे करंगळी पाह्य. रहाटात सापडली होती, मंग वाकडीच राह्यली."

मला वाकडी करंगळी दिसली नाही. पुसट चार रेघा दिसल्या. त्यांनी टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं, पल्लवीने लॅपटॉपवर तिथेच ठेवलं, तशी जगाची माहिती उघडली. "जग. पाणी वाढण्याचे भांडे." मी स्वतः लिहिलेली.

कौसाबाई माझ्याकडे वळल्या. "आन बाकीची कुठी हाय?"

मी सांगितलं. सॉफ्टवेअर, क्रमांक, बटण, काहीच त्यांना कळण्यासारखं नव्हतं, म्हणून एवढंच म्हटलं की वहीत लिहून मी तिला पुसलं.

"काऊन?"

"ओळखलं नाही म्हणून."

"मंग इचारा लागत होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "सगळ्याइकडे फोन हायेत आता. मले इचारलं असतं, ही कोण होय, त म्या सांगतलं असतं."

शोभाने चहा आणला. कौसाबाईंनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. पाचच्या एसटीने त्या परत गेल्या.

त्या संध्याकाळी पल्लवीने लॅपटॉपचा कोपरान् कोपरा शोधला. तुमच्या बाबाला फोन केला. पुण्याच्या दुकानदाराला केला. तो म्हणाला, "मॅडम, फाइल आम्ही महिनाभर ठेवतो. आणि कॅसेट टाकून द्या असं तुम्हीच म्हणालात." खरंच म्हणाले होते. पावती देखील मागितली नव्हती, एरवी मी मागते.

तुम्हाला माझ्या वडिलांबद्दल थोडं सांगायला हवं. ते शाळेच्या ओट्यावर बाहेर बसून शिकले. हजेरीपटात त्यांचं नाव नव्हतं. मास्तर सगळ्यांची नावं घ्यायचे, यांचं नाही. पुढे मोठे झाल्यावर आम्हा भावंडांना शाळेत घालताना ते आधी पटावर नाव बघायचे आणि मगच घरी जायचे. त्या माणसाची मी मुलगी. आणि वहीत एका मुलीपुढे "अनोळखी" लिहिताना माझा हात थांबला नाही.

चिखली

लग्नाची फिल्म चिखलीच्या एका माणसाने काढली होती. मधुकर म्हणाला, त्याच्याकडे मूळ कॅसेट असेल. तेवढ्यासाठी आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो. आता तो फ्लेक्सचे बोर्ड छापतो. दुकानात वाढदिवसाच्या पुढाऱ्यांचे चेहरे ओळीने वाळत टांगले होते.

त्याला लग्न आठवलं नाही, पण जानेफळची बुंदी आठवली. मूळ कॅसेटचं विचारलं तसा तो हसला.

"बाई, तवा कोरी क्यासेट भेटे कुठी? तुमाले प्रत काढून देली का त्याच्यावरच दुसरं लगन. तुमच्या लग्नावर दहा लग्नं बसले असन."

मी बसून राहिले. त्याला वाईट वाटलं असावं. खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "दुसरं एक करता येते. मायचा फोटो आना, भाऊ असन त त्याचा आना. कॉम्प्युटर दोन्हीवरून पोरगी बनवून देते, आन त्या खाली जागेत बसवून देतो. पाणी वाढतानी. कोणाले ओळखू नाही येनार."

मला त्याचा राग आला नाही. खरं सांगायचं तर हायसं वाटलं. परतताना गाडीत मी मनातल्या मनात सगळं ठरवत होते. कौसाबाईंचा फोटो कुठून घ्यायचा, परकर कोणत्या रंगाचा दाखवायचा. माझ्या यादीत पुन्हा एक काम आलं होतं.

उंद्री

चौथ्या दिवशी मधुकर आणि मी अमडापूरवरून उंद्रीला गेलो. अमडापूरचा बाजार होता. हातगाड्या, मेथीच्या जुड्या आणि बैल यांच्यामधून गाडी काढताना मधुकरने एका टोपलीला धक्का दिला. टोपलीतल्या बोरांची मालकीण त्याला म्हणाली, "डोळे घरी ठुले काय बे?" आम्ही उतरून बोरं गोळा केली, आणि मग तीच विकत घेतली. रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा बरं, मधुकर म्हणाला.

कौसाबाईंचा मुलगा रानात गेला होता. त्या अंगणात सुपात तूर पाखडत होत्या. सूप खाली ठेवून त्यांनी आम्हाला बसायला सतरंजी टाकली, पाणी दिलं. घरात बुद्धांची तसबीर होती, तिच्यासमोर उदबत्ती नुकतीच विझली होती. बाजूच्या भिंतीवर मुलाचं लग्न, नातवंडं, जावळं असे बरेच फोटो होते.

मी चिखलीचं सांगितलं. मूळ कॅसेट नाही हे ऐकून त्यांनी नुसती मान हलवली. त्यांना ते आधीच ठाऊक असल्यासारखं. मग मी दुसरं सांगितलं. कॉम्प्युटरने मुलगी तयार करता येते, अगदी तिच्यासारखी.

"तिच्यावानी," कौसाबाई म्हणाल्या.

"हो. तुमच्या चेहऱ्यावरून."

"बनवलेली पोरगी मले काय कराची? तिले म्या जन्म नाही देला."

मधुकर बोरं धुवायच्या निमित्ताने उठून गेला.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुमी वहीत लिवलं म्हणत होत्या. काय लिवलं?"

मी वही उघडून वाचलं. मुलगी, पाणी वाढते.

"परकर कोण्या रंगाचा होता?"

ते लिहिलं नव्हतं. मी आठवायचा प्रयत्न केला. तिला काढण्यापूर्वी मी तिच्याभोवतीची रेघ बघितली होती. रेघ हिरवी होती एवढं आठवलं. मुलगी आठवली नाही.

"मले वाटते पिवळा होता," कौसाबाई म्हणाल्या. "पण पिवळा दुसरा होता, थो जत्रेतला. ह्या लग्नात कोणता घातला थे पाह्यचं होतं. तोंड त मले हाय ध्यानात. म्हणजे हाय असं मले वाटते. पाह्यल्याशिवाय कसं समजन?"

ग्रंथालयात एखादं पुस्तक हरवलं तर दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येतं. मी पहिल्यांदाच अशा बाईसमोर बसले होते जिच्या मुलीची एकमेव प्रत मी रद्दीत घातली होती.

निघताना मी फोन काढला आणि म्हटलं, "तुम्ही वंदीबद्दल चार शब्द बोला. मी ते फिल्ममध्ये त्या जगाला जोडते. कुणी बोट ठेवलं की तुमचा आवाज येईल." मला वाटलं, एवढं तरी मला करता येईल.

कौसाबाईंनी सूप परत मांडीवर घेतलं. "म्या काऊन बोलू? माझ्यापाशी ती हाय तशी हाय. तुमच्या नातवाईले जग एकटाच फिरतानी दिसन. थे इचारतीन, पोरगी कुठी गेली. थे तुमीच सांगा त्याईले."

पुण्याला परतल्यावर

अल्बम तुम्हाला पाठवला आहे. पंगतीच्या दृश्यात मी काहीही दुरुस्त केलेलं नाही. जग येतो तसा येतो. त्याच्यावर बोट ठेवलंत की माझा आवाज ऐकू येईल. जे इथे लिहिलं तेच मी थोडक्यात सांगितलं आहे. ही मुलगी कोण होती, ती या फिल्ममध्ये होती, आणि आता का नाही.

पाठवण्याआधी ते मी फोनवरून कौसाबाईंना ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

मग म्हणाल्या, "तुमी त्याच्यात वंदी म्हणल्या. वंदी आमी म्हणो. तुमी पुरं नाव घ्या, वंदना."

मी ते पुन्हा रेकॉर्ड केलं.

आजी